पोट भरल्याची खूण

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याला लागून एक लहानसं देवघर आहे. त्यात हारिती आणि तिचा पती पांचिक शेजारी शेजारी बसले आहेत. हारितीच्या मांडीवर मूल आहे. खालच्या पट्टीत आणखी मुलं कोरली आहेत. पुढची गुरुजींसमोर बसून शिकताहेत, मागची खेळात रमली आहेत. बहुतेक प्रवासी पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून घाईने पुढे सरकतात आणि हे देवघर बघायचं राहून जातं. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटकांच्या काळात कोरलेली ही हारिती मूळची यक्षिणी. राजगृहातली मुलं पळवून खायची, स्वतःची पाचशे लेकरं मात्र जिवापाड जपायची. बुद्धाने तिचं धाकटं पोर आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं, तेव्हा तिला इतर आयांचं दुःख कळलं. कळल्यावर तिने विचारलं, की मग आता आम्ही खायचं काय? या प्रश्नासाठी मला ही कथा मोलाची वाटते. बुद्धाने तिला नुसता उपदेश केला नाही. विहारातल्या अन्नाचा वाटा रोज मिळेल, असा शब्द दिला. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने लिहून ठेवलं आहे, की विहारांत भोजनगृहाच्या कोपऱ्यात हारितीची प्रतिमा असे आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवलं जाई.

लेकरांना खायला काय घालायचं, हा या मुलखाचाही जुना प्रश्न आहे. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या माणसांनी खडी फोडली, अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी दळून तिच्या भाकरी खाल्ल्या आणि मुलांच्या ओंजळीत सुकडी पडली. त्या वर्षी आठ वर्षांची असलेली मुलगी आज साठी ओलांडलेली आजी आहे. पुढे २००१ मध्ये अजिंठ्याच्याच जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात, भादली गावी कुपोषणाने मुलं दगावली. त्यानंतर विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने मराठवाड्यात अंगणवाड्यांच्या कामाला वेग आला आणि २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन उभं राहिलं, तेही याच जिल्ह्याच्या ठिकाणाहून. राज्यातल्या दोन वर्षांखालील मुलांमधलं खुंटलेपण २००५-०६ मध्ये शेकडा ३९ होतं, ते २०१२च्या पाहणीत २३ वर आलं. मुलाचं वजन करायचं, तक्त्यावर टिंब काढायचं आणि ते टिंब वर सरकलं की सुटकेचा श्वास घ्यायचा, हे गावोगावच्या सेविकांनी आणि आयांनी या काळात अंगी बाणवलं.

त्याच आजीच्या हातात आज वाटी आहे आणि नातू अंगणभर पुढे पळतो आहे. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, आता फक्त दोनच राहिले. पोराने तोंड फिरवलं की आजी म्हणते, "अंगाला काही लागंना याच्या." या हाताला नावं ठेवायची माझी मुळीच इच्छा नाही. ज्या काळात पुढचं जेवण मिळेल याची खात्री नव्हती, त्या काळात समोर आलेलं सगळं पोटात घालणं हाच शहाणपणा होता. पण पोराने फिरवलेलं तोंड म्हणजे पोट भरल्याची खूण असते. दिवसातून तीनदा, वर्षानुवर्षं ती खूण पुसली गेली, तर मूल ती ओळखायचं विसरतं. घराण्यातून मुलाकडे लठ्ठपणा कसा येतो, या प्रश्नाचं निदान एक उत्तर इथे सापडतं, असं मला वाटतं.

पूर्ण उत्तर अर्थातच एवढं सरळ नाही. स्थूल आईबापांची मुलं स्थूल का होतात, यावर लंडनमधल्या जेन वॉर्डल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर काम केलं. २००१ मध्ये त्यांनी मुलांच्या खाण्याच्या वागणुकीची एक प्रश्नावली तयार केली. अन्न दिसलं की मूल किती खेचलं जातं, पोट भरल्यावर किती लवकर थांबतं, सावकाश खातं की भराभर, रडू आलं की खाऊ मागतं का, अशा पस्तीस प्रश्नांची उत्तरं आईबापांनी द्यायची. त्याच वर्षी त्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास मांडला. स्थूल आईबापांच्या मुलांना स्निग्ध पदार्थ जास्त आवडत होते, भाज्या कमी आवडत होत्या आणि जास्त खाण्याकडे त्यांचा कल होता. पुढे २००७ साली इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्या जुळ्यांची सुमारे चोवीसशे कुटुंबं त्यांच्या गटाने पाहिली. अजून दुधावरच असलेल्या बाळांतही भूक सारखी नव्हती. पोट भरल्यावर थांबण्यातला फरक साठ टक्क्यांहून अधिक आनुवंशिक निघाला आणि सावकाश पिण्यातला फरक त्याहूनही जास्त. २००७ मध्येच एफटीओ नावाच्या जनुकाचा एक प्रकार सापडला. तो आई आणि बाप दोघांकडून आला, तर माणसाचं वजन सरासरी तीन किलोंनी जास्त भरतं, आणि हे मुख्यतः भुकेच्या वाटेने घडतं. म्हणजे "हावरट आहे मेला" असं आपण ज्या पोराला म्हणतो, त्याला थांबण्याची सूचनाच उशिरा मिळत असते. दोष त्याच्या स्वभावाचा नसतो.

वॉर्डलबाईंचा आणखी एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. स्थूल आया मुलांना रडू आवरायला खाऊ देतात, बक्षीस म्हणून गोड देतात, आग्रहाने जास्त भरवतात, असा सगळ्यांचा समज. २००२ च्या त्यांच्या अभ्यासात या तिन्ही बाबतींत स्थूल आणि सडपातळ आयांमध्ये फरक आढळला नाही. लठ्ठ पोराच्या आईकडे बोट दाखवणाऱ्या नातेवाइकांनी, आणि काही डॉक्टरांनीही, हे लक्षात ठेवावं. तिचा दोष इतर सगळ्या आयांइतकाच आहे. तिच्या मुलाची भूक मात्र वेगळी आहे.

आपल्याकडे याआधी आणखी एक गोष्ट घडून गेलेली असते, ती गर्भात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. या बायकांचं गरोदर होण्याआधीचं वजन सरासरी बेचाळीस किलोंच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी पावणेतीन किलोंहूनही थोडी कमी भरली. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. पण आपली बाळं सगळीकडून सारखी लहान नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी शाबूत. काट्यावर हडकुळं दिसणारं हे बाळ आतून चरबी जपत जन्माला आलं होतं. पाहणीतली खेडी कोरडवाहू शेतीची, आया शेतात राबणाऱ्या. अजिंठ्याजवळच्या सिल्लोड तालुक्यातल्या कापूस-मक्याच्या रानात राबणाऱ्या बाईचं आयुष्य काही फार निराळं नाही. ज्या आयांनी हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा खाल्लं, त्यांची बाळं वजनाने चांगली निघाली, हेही याच अभ्यासात दिसलं. म्हणून नातवाच्या वाटीची काळजी खरी तर सुनेच्या ताटापासून सुरू व्हायला हवी. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणारी सून ही या विषयातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो.

अशा बाळाला हडकुळं समजून आपण ठासून भरवतो. काटकसरीची सवय घेऊन आलेल्या शरीरावर दुष्काळाची आठवण असलेला हात आणि बाजारातला पुडा एकाच वेळी येऊन पडतात. पाच रुपयांचा चटपटीत पुडा आज कुठल्याही खेड्यातल्या टपरीवर टांगलेला दिसतो. तो स्वस्त आहे, रडणं लगेच थांबवतो, आणि शेतातून दमून आलेल्या आईला तेवढ्यात चूल पेटवायला उसंत मिळते. यासाठी तिला रागावण्याचा अधिकार कुणाला आहे असं मला वाटत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील शेकडा ३५ मुलांची उंची खुंटलेली आढळली. त्याच राज्यात जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण चौथ्या पाहणीतल्या शेकडा १.९ वरून पाचव्या पाहणीत ४.१ झालं. दोन्ही आकडे एकाच गल्लीतले असतात, पुष्कळदा एकाच घरातले.

यावर घरातल्या कडक शिस्तीचा उपाय सुचवला जातो. त्यावर माझा विश्वास नाही. अमेरिकेतल्या लिअन बर्च यांनी लहान मुलांवर केलेले प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारे आहेत. डोळ्यांसमोर ठेवून ज्या खाऊला मनाई केली, त्याच्याकडे मुलांचा ओढा वाढला. उलट, सूप संपवण्याचा लकडा लावला तेव्हा मुलांनी ते कमी प्यायलं आणि त्याला नावंही ठेवली. म्हणजे "दोन घास खा" हा लकडा आणि "हात लावायचा नाही" हा धाक, दोन्ही मुलाचं लक्ष त्याच्या पोटावरून काढून आपल्या चेहऱ्यावर आणतात. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची जी वाटणी सुचवली, ती मला पटते. काय शिजवायचं, केव्हा आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं, खायचं की नाही, हे मुलाने. पुडा घरात आणून कपाटावर ठेवण्यापेक्षा तो आणूच नये, आणि ज्वारीची भाकरी, वरण, मेथीची भाजी सगळ्यांच्या ताटात सारखी असावी, बापाच्याही. बापाला मधुमेह असेल तर त्याचं पथ्य म्हणून वेगळं काही शिजवायची गरजच उरत नाही.

पण सगळा भार घरावर टाकून चालणार नाही. दहा वर्षांखालच्या मुलाचे आईबाप स्थूल असतील, तर मूल आज सडपातळ असलं तरी मोठेपणी स्थूल होण्याचा धोका दुपटीहून अधिक असतो, हे १९९७ मधल्या अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवलं. म्हणजे कुणाकडे आधी लक्ष द्यायचं, हे मूल लठ्ठ होण्याआधीच कळू शकतं. अंगणवाडीत वजनासोबत उंचीही मोजली जाते. आईबापाच्या वजनाची आणि मधुमेहाची नोंद त्याच कुटुंबाच्या माहितीत ठेवणं फार खर्चाचं काम नाही. शाळेच्या जेवणात प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं द्यायची, असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यात डाळ, मटकी आणि भाजी खरोखर पडते का, हे पालकांनी जाऊन बघावं. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जादा तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला २०२० च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. गावातल्या टपरीवाल्याला या नियमाचा पत्ता नसतो, आणि त्याच्या पोटावर पाय न देता काय करता येईल, याचा विचार ग्रामसभेतच व्हायला हवा. शेंगदाणा-गुळाची चिक्की, फुटाणे, उकडलेली कणसं त्याला विकता येतील. कणसं तर सिल्लोडच्या शिवारातलीच आहेत.

आजीशी बोलायचं काम मात्र कुठलाही नियम करणार नाही. ते सेविकेने किंवा आशाताईने करायचं आहे, ओट्यावर बसून, तिचा बहात्तरचा दुष्काळ आधी पूर्ण ऐकून घेऊन. मग सांगायचं, की आजी, भाकरी संध्याकाळीही आहे आणि उद्याही आहे. पोराने तोंड फिरवलं तर वाटी खाली ठेवा.