माय एकवीरे, मुळाशी ओल राहू दे

माय एकवीरे, पांझरेच्या काठी तू बसलेली आहेस आणि तुझ्या देवपुरात माझं एवढंसं अंगण आहे. मोठं मागणं नाही माझं. मांडवावर द्राक्षाचा एक वेल चढवलाय, त्याला सांभाळ.

आपल्या खानदेशचं ऊन तुला काय सांगू? मे महिन्यात धुळ्यात काय, जळगावात काय, पारा 44-45 ला टेकतो. रावेर-यावलकडची केळी गरम वाऱ्याने फाटते. आणि नेमक्या त्याच दिवसांत, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या कोवळ्या काडीवर, डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. बाहेरून काही दिसत नाही. काडीला उजेड मिळाला, ऊब मिळाली, तरच घड. नाहीतर नुसती पानं. हे कळलं तेव्हा मी तुझ्यापुढे गप्प बसले, माय. ज्या उन्हाला दिवसभर बोल लावते, त्यातच तू माझं फळ घडवत होतीस.

म्हणून ऊन कमी कर म्हणत नाही. मुळाशी ओल राहू दे.

पाणी दे. नळाची वाट बघत भांडी मांडून ठेवते, आणि त्यातली बादली वेलाला घालताना मन कचरतं, घरात कमी पडेल का म्हणून. इतकं दे, की वेलाचं आणि घराचं दोघांचं भागेल.

धीर दे. ऑक्टोबरात गोडी छाटणीला पोसलेली काडी कापायची आणि नव्या फुटीवर भरवसा टाकायचा. माझा हात अडतो. एवढा भरवसा माझ्यापाशी कुठला? तोही तुझ्याकडूनच घ्यायचा. मग फुटीबरोबर तिळाएवढ्या हिरव्या कळ्यांचा घोस वर येतो, आणि मी कितीदा हात जोडते ते तूच पाहतेस.

डिसेंबरात आभाळ दाटलं, तर भुरीचा रोग दूर ठेव. मण्यांत पाणी उतरेल तेव्हा बुलबुल येतील. त्यांचाही वाटा राहू दे.

माझा एकच वेल. निफाड-दिंडोरीला मात्र रांगांमागून रांगा, आणि त्यांवर लेकींची लग्नं, पोरांची शिक्षणं, बँकेचं कर्ज. मार्चमधली गार माझ्या मांडवावर पडली तर मी हळहळेन. तिकडे पडली तर अख्खं वर्ष बुडतं. आधी त्यांच्यावर हात धर, माय. मग माझ्यावर.

घड आले तर पहिला तुझ्या पायाशी. नाही आले तरी सावली तू दिलीच आहेस. त्या सावलीत सासूबाई दादर ज्वारी निवडत बसतात, पोरं दुपारभर खेळतात. त्याचेच उपकार फिटायचे नाहीत. पाणी तेवढं दे.