उंबरठ्यावरचा परका

अंबरनाथ पूर्वेच्या कोणत्याही वाण्याच्या दुकानात हिंगाची डबी मिळते. आमटीला चिमूटभर लागणाऱ्या या वस्तूचा मूळ डिंक बहुतांशी अफगाणिस्तानातून येतो. त्या देशाचे पाऊल आपल्या स्वयंपाकघरात असे रोज पडते. तेथील माणसांविषयी मात्र बंदुका आणि तालिबान यांपलीकडे आपल्याला फारसे ठाऊक नसते. त्यांच्या घरात डोकावले तर एक नैतिक प्रश्न समोर उभा राहतो: परक्या माणसाचे आपण काय देणे लागतो?

अफगाण घरात जेवणासाठी जमिनीवर दस्तरखान अंथरतात. त्यावर नान, पुलाव आणि हिरवा चहा येतो. पाहुण्याला दारापासून सर्वांत दूरची, मानाची जागा दिली जाते. पश्तून समाजाच्या अलिखित आचारसंहितेला 'पश्तूनवाली' म्हणतात. तिच्यातील 'मेलमस्तिया' म्हणजे धर्म वा वंश न पाहता आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता केलेले आतिथ्य. 'ननवाते' म्हणजे शरण आलेल्याला, तो वैरी असला तरी, दिलेला आश्रय. २००५ साली कुनार प्रांतातील मोहम्मद गुलाब या गावकऱ्याने मार्कस लुट्रेल या जखमी अमेरिकी सैनिकाला असाच आसरा दिला. तालिबानने धमकावूनही त्याने पाहुण्याला त्यांच्या हवाली केले नाही. पुढे या कृत्यापायी गुलाबला देश सोडावा लागला.

कोणी म्हणेल, हे प्रेम नव्हे, ही घराण्याची प्रतिष्ठा आहे. या आक्षेपात तथ्य आहे. त्याच संहितेत सूडही कर्तव्य मानला जातो. आतिथ्याचा मान पुरुषाला मिळतो आणि श्रम पडद्याआडच्या स्त्रीच्या वाट्याला येतात. निर्वासितांच्या मुलांना शिक्षण मिळावे म्हणून झटणारे भारतीय जेझुइट धर्मगुरू फादर अलेक्सिस प्रेमकुमार यांचे जून २०१४ मध्ये हेरातजवळ अपहरण झाले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांची सुटका झाली. पाहुण्याला जपणाऱ्या भूमीतच हे घडले. परंतु आदर्श मोडला गेला म्हणून तो खोटा ठरत नाही. तसे असते, तर आपल्या शुभवर्तमानाचे काय झाले असते?

मम्रे येथे अब्राहाम तीन अनोळखी माणसांना पाहून तंबूच्या दारातून धावत गेला. संत मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात तर प्रभू येशू स्वतःच परक्याच्या जागी उभा राहतो. अफगाण यजमानाच्या दृष्टीने पाहुण्यात घराण्याची अब्रू असते. आपल्या श्रद्धेप्रमाणे त्याच्यात साक्षात ख्रिस्त असतो. म्हणजे आपले देणे अधिक जड आहे.

आपला हा परिसरच परक्यांनी वसवला आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले आणि त्यातून उल्हासनगर उभे राहिले. अंबरनाथच्या कारखान्यांसाठीही गावोगावची माणसे आली. आपल्यापैकी कितीजणांच्या वडिलांना पहिल्या रात्री कोणीतरी पथारीपुरती जागा दिली असेल! आज त्यांचीच मुले भाड्याने खोली देताना आधी धर्म आणि जात विचारतात.

सावध राहणे पाप नव्हे. घरात लेकरेबाळे असतात. पण सावधगिरी माणसाची वागणूक पाहते आणि पूर्वग्रह त्याचे आडनाव. पुढच्या वेळी खोली रिकामी होईल, तेव्हा आपण यांपैकी काय पाहतो, हे प्रत्येक कुटुंबाने प्रभूसमोर तपासावे. मिस्साबलीत ज्याला आपण जिभेवर घेतो, तोच कदाचित दारात उभा असेल.