हुशार पोराचं आपोआप होत नाही

गुरुजींनो, बाईंनो, आज कडक बोलणार आहे. माना खाली घालू नका, समोर बघा.

फळ्यावर तुमचं उदाहरण लिहून होण्याआधी उत्तर सांगणारं एखादं पोर तुमच्या वर्गात असतं. त्याचं तुम्ही काय करता? सुविचार लिहायला फळ्यापाशी उभं करता. केंद्रप्रमुखांना माहिती पाठवायची असली, की वर्ग सांभाळायला बसवता. कच्च्या मुलांचे पाढे घ्यायला लावता. आणि त्यानं पुढचं काही विचारलं, की "तुझं झालं ना? मग गप्प बस." पुन्हा विचारलं तर ते आगाऊ. पहिलीत सतत हात वर करणारं पोर चौथीत हात वर करत नाही. हे त्याला तुम्ही शिकवलंत.

दोन शिक्षकी शाळा, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं, सगळं खरं आहे. ती कामं कमी व्हावीत म्हणून मी तुमच्याबरोबर भांडेन. पण फळ्याच्या कोपऱ्यात एक अवघड गणित लिहायला दोन मिनिटं लागतात, तीही निवडणुकीनं नेली का? एका खोलीत तीन इयत्ता बसतात म्हणून रडता. अहो, तिसरीच्या पोराला पाचवीचं गणित येत असेल, तर त्या तासाला त्याला पाचवीच्या रांगेत बसवा! मोठ्या शाळेला जे जमवावं लागतं, ते तुमच्या खोलीत आयतं आहे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 वाचा. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून तिथं लिहिलंय. तुम्ही ते फक्त मागे राहिलेल्यांसाठी धरलंत. त्यांच्यासाठी करता ते केलंच पाहिजे. पण पुढे गेलेलं मूलही त्याच कायद्यात बसतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही अशा मुलांना पूरक साहित्य आणि मार्गदर्शन शिक्षकांनी द्यावं, असं स्पष्ट म्हटलंय.

आता शिष्यवृत्तीचं नाव सांगू नका. निकाल लागला की फोटोचा फ्लेक्स लावता, पण वर्षभर करून घेता काय? बुद्धिमत्ता चाचणीचे संच सोडवून घेता. नवोदय विद्यालय सहावीला साधारण 80 मुलं घेतं, तीही सबंध जिल्ह्यातून. एनएमएमएस शिष्यवृत्तीतून नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. घरच्या अडचणीला त्यांचा आधार होतो. पण या सगळ्या निवडीच्या परीक्षा आहेत. ज्यांची निवड होत नाही ती मुलं दुसऱ्या दिवशी तुमच्याच वर्गात येतात. आणि ज्या पोराला चित्र काढता येतं, बंद पडलेली मोटर खोलून जोडता येते, ते तर या परीक्षांना दिसतच नाही. ते तुम्हालाच दिसायला हवं.

पैसेवाल्याच्या हुशार मुलाला क्लास आहे, घरी पुस्तकं आहेत, शिकलेली आई आहे. ऊसतोड मजुराच्या हुशार पोरीला फक्त तुम्ही आहात. तिचं पाणी जोखायला दुसरं कुणी येणार नाही. तिच्या प्रगतिपुस्तकात तुम्ही 'शांत बसते, गणितात रुची घेते' असं लिहून मोकळे होता. गेल्या वर्षीही तेच लिहिलंत. मग वर्षभरात ती काय शिकली?

कपाटातली पुस्तकं बाहेर काढा. हायस्कूलच्या गणिताच्या सरांना आठवड्यातून एकदा बोलवा. उत्तर येत नसेल, तर "मला माहीत नाही, उद्या दोघं मिळून शोधू" असं पोराला सांगा. त्यानं तुमचा मान कमी होत नाही.

पुढच्या शिक्षण परिषदेला येताना प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या अशा एका मुलाचं नाव आणि महिनाभरात त्याला नवीन काय शिकवलं, ते लिहून आणायचं. ज्याला नाव सुचणार नाही, त्यानं आपला वर्ग अजून नीट पाहिलेलाच नाही.