तिसरा लोटा

तोतापुरी नावाचे अद्वैती संन्यासी दक्षिणेश्वरी श्रीरामकृष्णांच्या सहवासात राहिले होते, तेव्हा ते आपला पितळी लोटा नित्य घासून लख्ख ठेवीत. आणि ज्याला ब्रह्मसाक्षात्कार झाला त्याने रोज ध्यानाला बसण्याचे प्रयोजन काय, असे श्रीरामकृष्णांनी विचारताच त्यांनी त्या लोट्याकडे बोट दाखविले, की हा रोज घासला नाही तर काळवंडेल. लोटा सोन्याचा असेल तर, हा श्रीरामकृष्णांचा प्रतिप्रश्न प्रसिद्धच आहे. शुद्धी हा आत्म्याचा स्वभाव, की साधनेने संपादावयाची वस्तू, हा पुरातन वाद इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी मांडला असेल. माझ्या मनात मात्र त्या संवादात नसलेला एक तिसरा लोटा पुष्कळ वर्षे घर करून आहे. तो स्टेनलेस स्टीलचा.

कोकण किनाऱ्यावरील एका देवस्थानच्या मुदपाकखान्याची देखरेख काही काळ माझ्याकडे होती. नवे घेतलेले मोठे टोप दोन पावसाळे होण्याच्या आतच तळाशी तांबूस ठिपक्यांनी भरले, तेव्हा माल खोटा निघाला असा आमचा ग्रह झाला आणि तशी तक्रार मी स्वहस्ते लिहिलीही. पण ती रवाना करण्यापूर्वी चौकशी केली, तो दोष आमच्याच शिरस्त्यात निघाला. थंड पाण्यातच मीठ टाकावयाचे, ते न विरघळता तळाशी बसावयाचे. उरलेली आमटी रात्रभर टोपातच राहावयाची. सकाळी लोखंडी तारेच्या घासणीने जोर लावून घासावयाचे, आणि ओले टोप एकात एक घालून कोठीत रचावयाचे.

इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी 1913 साली ज्या न गंजणाऱ्या पोलादाचा शोध लावला, त्याचे मर्म असे की, त्यात क्रोमियमचे प्रमाण साडेदहा टक्क्यांच्या वर गेले म्हणजे हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अदृश्य कवच बनते. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील दोनतीन भागांइतकीच त्याची जाडी. पण ओरखडा पडला तरी हवा लागताच ते पुन्हा सांधू लागते. ज्या प्राणवायूने साधे लोखंड गंजते, त्याच प्राणवायूने हे पोलाद राखले जाते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. मिठातील क्लोराइड मात्र हे कवच ठिकठिकाणी फोडते, साचलेल्या मळाखाली हवा पोहोचत नाही म्हणून ते सांधत नाही, आणि तारेच्या घासणीचे लोहकण भांड्यात रुतून स्वतःच गंजू लागतात. कारखान्यांत असे भांडे नत्राम्लात किंवा लिंबाम्लात बुडवितात, तेही लेप चढविण्यासाठी नव्हे. परके लोह विरघळवून टाकावयाचे, कवच घडविण्याचे काम हवेकडे सोपवावयाचे.

पतंजलींनी कैवल्यपादात शेतकऱ्याचा दृष्टांत दिला आहे तो येथे आठवतो: तो पाणी ओढून नेत नाही, केवळ बांध फोडतो, आणि पाणी आपल्या स्वभावाने वाहते. तिसऱ्या लोट्याची शुद्धी याच जातीची आहे. ती सोन्यासारखी निश्चिंत नाही आणि पितळेसारखी घर्षणाने मिळणारीही नाही. तिला हवे ते अडथळ्यांचे निवारण. म्हणूनच, जे साधक देहमनाला कठोरपणे घासूनच निर्मळ करू पाहतात, त्यांच्या तपश्चर्येचेच कण त्यांच्यात रुतून पुढे अहंकाराच्या रूपाने गंजतात, अशी माझी नम्र धारणा झाली आहे. आणि दोष झाकून ठेवणाऱ्याचे तर, एकात एक रचलेल्या ओल्या टोपांप्रमाणे, हवाच बंद होते.

पुढे आम्ही मीठ उकळत्या पाण्यात टाकू लागलो, घासणी बदलली, आणि धुतलेले टोप सुक्या फडक्याने पुसून वाऱ्यावर पालथे घालण्याची तजवीज केली. वरवरचे डाग खाण्याच्या सोड्याने निघाले. खोल गेलेले खळगे काही भरले नाहीत. त्यांच्या तळावरही कवच धरते, पण खळगा खळगाच राहतो. एका टोपाच्या बुडाला असे तीन खळगे आहेत. त्यात आजही आमटी शिजते, आणि धुतल्यावर फडके प्रथम तेथे फिरते.