थांबावे कोणी?

मल्लयुद्धाच्या ज्या परदेशी पद्धती गेल्या काही दशकांत आपल्या शहरांतून रुजल्या आहेत, त्यांत एक अगदी लहानशी खूण आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पेचात हात किंवा मान पुरती सापडली, आता सुटका नाही असे उमगले, म्हणजे सापडलेला मल्ल आपल्या मोकळ्या हाताने गादीवर अथवा प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर दोनतीनदा थोपटतो. तत्क्षणी पेच सुटतो आणि लढत संपते. ज्यूदोत आणि ज्यूदोपासून निघालेल्या ब्राझिलियन जुजुत्सूत अशा वेळी पराभव जाहीर होतो तो हरणाऱ्याच्याच हाताने.

आपल्या लाल मातीतल्या कुस्तीत असे नाही. तेथे पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली झाली. हरणाऱ्याला तोंडाने वा हाताने काही कबूल करावे लागत नाही. मातीने निर्णय दिलेला असतो, पंच तो वाचतो आणि भोवतालचा जनसमुदाय त्यास साक्षी राहतो. चीतपट झालेला मल्ल मनातून अजिंक्यच राहू शकतो. पाय घसरला, पंचाची नजर चुकली, माती ओली होती, असे सांगत तो गावी परतू शकतो. (अशा हकीकती ऐकण्याची हौस असेल त्याने कोल्हापुरात चहाच्या दुकानात तासभर बसावे.) थोपटणाऱ्याला मात्र ही पळवाट नाही. त्याच्या पराभवावर त्याचीच सही असते.

नोकरीपायी दर तीनचार वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मुलांना तालमीची माती क्वचितच लाभते. सरकारी वसाहतीच्या कोपऱ्यावर पाटी असते ती कराटे, ज्यूदो किंवा किकबॉक्सिंगची. वर्षभरात मुलगा वा मुलगी स्पर्धेला उतरते आणि आईबाप खुर्च्यांवर अवघडून बसतात. स्पर्धेने मुले धीट होतात, शिस्त अंगी बाणते, ही विधाने इतकी सर्वमान्य झाली आहेत की त्यांवर वेळ घालवण्याचे कारण नाही. मला भेडसावणारा प्रश्न निराळा आहे. या मुलांना थोपटायला शिकवावे, की न थोपटायला?

मराठी मनाचे पहिले उत्तर ठरलेले आहे: मोडेन पण वाकणार नाही. ही म्हण आपण आईच्या दुधाबरोबर प्यालो आहोत. आपल्या इतिहासातील ज्या व्यक्तींपुढे मान लवते, त्या बहुतेक न वाकलेल्या आहेत. उलट ज्या विद्येचा येथे विचार चालला आहे, तिच्या नावातच वाकणे आहे. 'ज्यू' म्हणजे मृदुता, लवचीकपणा. जपानमधील जुजुत्सूच्या एका जुन्या संप्रदायाची उत्पत्तिकथा अशी सांगतात, की हिवाळ्यात मोठमोठ्या वृक्षांच्या फांद्या बर्फाच्या भाराने मोडून पडत असता विलो वृक्षाची फांदी वाकली, तिने बर्फ खाली सोडून दिले आणि ती पुन्हा सरळ झाली. हे पाहून संस्थापकाने आपल्या विद्येचे तत्त्व ठरविले. कथा दंतकथाच असेल. पण आपल्या म्हणीसमोर ती ठेवून पाहिली म्हणजे दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा, असा पेच पडतो.

हा पेच सुटावा म्हणून कानो जिगोरो या गृहस्थांकडे वळले पाहिजे. १८६० साली जन्मलेले हे सुशिक्षित शिक्षक, अंगाने किरकोळ. त्यांनी १८८२ साली तोक्योतील एइशोजी या बौद्ध मंदिरात अवघ्या बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही शाळा काढली. जुन्या जुजुत्सूत जीवघेणे प्रहार आणि अवयव मोडणारे डाव पुष्कळ होते. कानोंनी त्यांपैकी धोक्याचे भाग मुक्त सरावातून काढले आणि ते केवळ ठरीव प्रात्यक्षिकांपुरते ठेवले. वरवर पाहणाऱ्यास वाटावे की विद्येचे दात पाडले. घडले ते उलटेच. जो डाव सहकाऱ्यावर पूर्ण जोराने कधीच करता येत नाही, तो आयुष्यभर घोटूनही हवेतला राहतो. जो डाव रोज पूर्ण ताकदीने करता येतो, आणि ज्यात सापडलेला सहकारी दुसऱ्या दिवशी धडधाकट सरावाला येतो, तोच खरोखर अंगात मुरतो. सौम्य केलेली विद्या अधिक समर्थ झाली ती यामुळे.

पण सांध्यांचे आणि गळ्याचे पेच सरावात राहिलेच होते, आणि ते पूर्ण जोराने करता येतात ते केवळ त्या थोपटण्याच्या जोरावर. मी थोपटीन तेव्हा तू सोडशील, असा तो करार आहे. एकाने वेळीच थोपटले नाही तरी तो मोडतो, आणि दुसऱ्याने वेळीच सोडले नाही तरी मोडतो. १९२२ च्या सुमारास कानोंनी आपल्या शिकवणीचे जे तत्त्व सूत्ररूपाने मांडले, त्याचा अर्थ 'स्वतःचे आणि दुसऱ्याचे कल्याण एकत्र' असा होतो. असली सूत्रे भिंतीवर टांगण्यास सोपी असतात. गादीवर मात्र या सूत्राला फार ठोस अर्थ आहे: माझ्या हाताचे हाड तुझ्या शब्दावर, आणि तुझे माझ्या शब्दावर.

(बंगालात बदली झालेल्या वाचकांच्या माहितीसाठी एवढे सांगतो, की ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. १९२९ साली रवींद्रनाथांनी कोदोकानचे ताकागाकी शिंझो यांना शांतिनिकेतनात शिकविण्यास आणले होते, आणि तेथे मुलींनीही ज्यूदोचे धडे घेतले.)

आता स्पर्धेकडे येऊ. सरावात दोघे असतात. स्पर्धेत दोघांखेरीज आणखी बरेच जण येतात: प्रेक्षक, आईबाप, शाळेची अब्रू आणि गुरूचे नाव. सरावात दिवसातून दहादा सहज थोपटणारा हात तेथे जड होतो. या जडपणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रिओ द जानेरो येथील माराकाना क्रीडागृहात २३ ऑक्टोबर १९५१ रोजी घडले. कानोंचे एक शिष्य मायेदा मित्सुयो १९१४ साली ब्राझीलमध्ये पोचले होते. त्यांच्यापासून ग्रेसी घराण्यात ही विद्या गेली आणि तिचे तेथे स्वतंत्र शास्त्र बनले. त्या घराण्याचा एलिओ ग्रेसी आणि जपानचा अव्वल ज्यूदोपटू किमुरा मासाहिको यांची ही लढत. एलिओ वजनाने बराच कमी आणि वयाने चार वर्षांनी मोठा. दुसऱ्या फेरीत किमुराने त्याचा हात पिरगळून पेचात धरला. एलिओने थोपटले नाही. किमुराने जोर वाढविला, तरीही नाही. हाड मोडल्याचा आवाज आपण ऐकला, असे किमुराने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले. शेवटी एलिओचा वडील भाऊ कार्लोस याच्या बाजूने लढत थांबविण्याची खूण म्हणून टॉवेल आत आला.

ही हकीकत वाचताना प्रथम ऊर भरून येतो, हे मी नाकारीत नाही. मोडेन पण वाकणार नाही या म्हणीचा असा शब्दशः प्रयोग दुसरा सापडणार नाही. पण थोडे थांबून विचार केला म्हणजे त्या तिघांपैकी कोणाची स्थिती सर्वांत अवघड होती, हे कळेनासे होते. एलिओला वेदना होती, पण त्याचा निर्णय झालेला होता. किमुरा मात्र अशा माणसाचा हात मोडीत होता, ज्याच्याशी त्याचे वैर नव्हते. कराराप्रमाणे त्याला थांबण्याची खूणच मिळत नव्हती. म्हणजे न थोपटणारा केवळ स्वतःचे हाड पणाला लावीत नाही. समोरच्यालाही तो हाड मोडणारा बनवितो. एलिओच्या शौर्याची गाणी गाताना ही बाजू सहसा कोणी पाहत नाही.

येथे कोणी म्हणेल, ही युक्तिवादाची कसरत झाली. न वाकणाऱ्यांनीच इतिहास घडविला. आक्षेप वजनदार आहे. परंतु ज्यांच्या न वाकण्यापुढे आपण नतमस्तक होतो, त्यांच्यासमोर अन्याय उभा होता. तुरुंगात माफी लिहून न देणारा सत्याग्रही वाकला असता तर एक असत्य विजयी झाले असते. गादीवर समोर अन्याय नसतो. असते ते आपल्याच वयाचे, आपल्यासारखेच घाबरलेले, बहुधा दुसऱ्या वसाहतीतले पोर. त्याचा पेच खरा आहे, त्याने तो न्यायाने मिळविला आहे, आणि आपला हात सापडला आहे ही वस्तुस्थिती आहे. ती मान्य करण्यास वाकणे म्हणावे का, याचीच मला शंका आहे. एलिओ अडतीस वर्षांचा होता आणि आपल्या देहाचा मालक होता. त्याने जे निवडले ते त्याचे. तेराचौदा वर्षांच्या मुलास ते आदर्श म्हणून देणे ही निराळी गोष्ट आहे. ज्या जपानातून ही विद्या आली, तेथील लहान शालेय मुलांच्या ज्यूदोत सांध्यांचे पेच वर्ज्यच आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रहाराच्या विद्यांत प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तेथे थोपटण्यास अवसरच नाही. पेच हळूहळू आवळतो; ठोसा सांगून येत नाही. ओकिनावाचे शिक्षक फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ साली तोक्योत कराटेचा परिचय करून दिला. त्यांना स्पर्धा ही कल्पनाच रुचत नसे. ते १९५७ च्या एप्रिलमध्ये वारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांच्याच परंपरेतल्या संस्थेने अखिल जपान स्पर्धा भरविली. नियम असा, की प्रहार अंगाला लागण्याच्या आत थांबवायचा. तेथे थांबण्याचा भार प्रहार करणाऱ्यावर होता. कल्पना सुंदर, परंतु ती अनेकांना लटकी वाटली. ओयामा मासुतात्सु यांनी पूर्ण आघाताचा पुरस्कार केला. १९६४ साली त्यांच्या पंथाचे तिघे बँकॉकला जाऊन थाई मुष्टियोद्ध्यांशी लढले, आणि १९६६ च्या सुमारास नोगुची ओसामु या प्रवर्तकाने 'किकबॉक्सिंग' नावाने हा मिश्र खेळ जपानात उभा केला. आता थांबण्याचा भार ना मारणाऱ्यावर, ना मार खाणाऱ्यावर. तो पंचाकडे गेला आणि कोपऱ्यात टॉवेल घेऊन बसलेल्या गुरूकडे गेला.

थायलंडात लढतीपूर्वी प्रत्येक योद्धा संथ नृत्यासारख्या हालचालींनी गुरूला वंदन करतो. ते दृश्य भारतीय मनाला चटकन भिडते. मात्र ज्याला वंदन होते त्याच्यावर काय येऊन पडते, हे २०१८ च्या नोव्हेंबरात दिसले. बँकॉकजवळ तेरा वर्षांचा एक मुलगा लढतीत डोक्यावर बसलेल्या प्रहारांनी कोसळला आणि मेंदूतील रक्तस्रावाने दगावला. तो आठव्या वर्षापासून लढत होता आणि त्याच्या दीडशेहून अधिक लढती झाल्या होत्या. घरच्यांना त्या पैशाचा हातभार होता. समोर लढणाराही मुलगाच होता. थोपटावे की नाही हा प्रश्न या मुलाला कधी पडलाच नसेल, कारण त्या खेळात ते त्याच्या हाती नव्हते. ज्यांच्या हाती होते ते सर्व वयाने मोठे होते.

उत्तरेकडील एका शहरात दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका स्पर्धेला बसलो होतो. गळ्याच्या पेचात सापडलेला एक मुलगा थोपटेना. त्याचा चेहरा तांबडा होऊन पुढे काळवंडू लागला. त्याचे शिक्षक कडेला उभे राहून टाळ्या वाजवीत त्यास धीर देत होते. सोडवणूक अखेर पंचाने केली. नंतर त्या शिक्षकांनी मुलाची पाठ थोपटली आणि आईबापांकडे वळून म्हणाले, "हा माझा वाघ आहे." बोलण्यात प्रेम होते, ढोंग मुळीच नव्हते. तरीही मला ते वाक्य ऐकवेना. त्यातला 'माझा' हा शब्द मला खुपला. शिष्याच्या देहावर गुरूची कीर्ती लिहिली जात असेल, तर टॉवेल टाकणारा हात कोणाच्या हिताचा विचार करील? विद्यार्थी हरला म्हणजे शाळेच्या पाटीखालची गर्दी ओसरते, शुल्क बुडते, हेही खरे. म्हणून मुलास शाळेत घालताना तेथील पदके मोजण्याऐवजी एक गोष्ट पाहावी, असे मी ओळखीच्या लोकांना सांगत असतो: सरावात गुरू स्वतः शिष्यासमोर थोपटतो का. असे गुरू आहेत. पन्नाशीचा माणूस सोळा वर्षांच्या पोरीच्या पेचात सापडून हसत दोनदा गादी थोपटतो आणि "पुन्हा कर, मनगट आणखी वर घे," म्हणतो, हे मी पाहिले आहे.

कानोंना स्वतःला ऑलिंपिकमध्ये ज्यूदो घालण्याची घाई नव्हती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे ते १९०९ पासून सदस्य, आशियातले पहिले. तरीही आपण होऊन पुढाकार घेण्याची इच्छा नाही, असेच त्यांचे म्हणणे होते. १९३८ साली कैरोच्या बैठकीहून परतताना बोटीवरच ते वारले. ज्यूदो ऑलिंपिकमध्ये आला तो १९६४ साली, तोक्योतच. खुल्या गटाची अंतिम लढत निप्पोन बुदोकान सभागृहात झाली. योगायोगाने तारीखही २३ ऑक्टोबर. हॉलंडच्या आंतोन गेसिंकने जपानच्या कामिनागा आकिओला तीस सेकंद गादीवर दाबून धरले आणि सारे सभागृह अवाक् झाले. कोपऱ्यातले डच पाठीराखे आनंदाने बेभान होऊन गादीकडे धावले, तेव्हा गेसिंकने हात उंचावून त्यांना जागीच थांबविले. मग दोघे उठले, त्यांनी अस्ताव्यस्त झालेले पोशाख नीट केले, आणि समोरासमोर उभे राहून ते एकमेकांना वाकले.