विठ्ठल ठेवावे की नारायण?

एका माळकरी घरचा प्रश्न आमच्यापुढे आला आहे. मुलगा झाला, १२ वा दिवस तोंडावर आला. वडिलांकडची मंडळी म्हणतात, वारलेल्या आजोबांचे विठ्ठल हे नाव चालवा. आजोळची म्हणतात, नारायण ठेवा. दोन्हीकडे फुगवे सुरू झाले आहेत. आजीबाई मात्र काहीच बोलत नाहीत.

देवाच्या बाजूने पाहिले तर यात भांडणच नाही. नामदेवरायांच्या घरी नारा, विठा, गोंदा, महादा. तुकोबारायांच्या घरी महादेव, विठोबा, नारायण. दोन्ही घरांत दोन्ही नावे सख्खी भावंडे झाली! त्यांतले धाकटे नारायणमहाराज तर तुकोबांच्या निर्याणानंतर जन्मले, आणि १६८५ साली त्यांनीच पादुका पालखीत घालून पंढरीची वाट धरली. तेव्हा एक नाव थोर नि दुसरे उणे असे कोणी म्हणू नये.

नारायण म्हणणारे अजामिळाचा दाखला देतात. भागवताच्या सहाव्या स्कंधातली ही कथा. १० मुलांत धाकटा नारायण, बापाचा सारा जीव त्याच्यात. यमदूत दिसताच बापाने हाक मारली ती पोराला, आणि धावून आले विष्णुदूत. कथा गोडच आहे. पण अहो, तो जेवताना, पाणी पिताना त्याच नावाने पोराला जवळ घेत होता, म्हणून ते अंतकाळी जिभेवर आले! पत्रिकेत नारायण लिहायचे आणि घरात पिंट्या म्हणायचे, मग अजामिळ कशाला सांगता? (नारा, विठा हे लाड झाले. नाऱ्या, विठ्या ही हेटाळणी. ती नको.)

म्हणजे नाव हाक मारण्यासाठी. आणि पोर दिवसभर कोणाच्या मांडीवर? आजीच्या. जुन्या वळणाच्या बायका धन्याचे नाव तोंडाने घेत नाहीत. धन्याचे नाव विठ्ठल असले तर केवढी पंचाईत! भजनात सगळे विठ्ठल विठ्ठल म्हणतात तेव्हा ती बाई पांडुरंग पांडुरंग म्हणून भागवते. आता नातवालाही जन्मभर 'अरे बाळा' एवढेच म्हणायचे काय?

आम्हांस विचाराल तर ही लोकरीत आहे, संप्रदायाचा नेम नव्हे. नामाला सोवळेओवळे नाही, बाई-पुरुष हा भेद नाही. नाव घेतले तर धन्याचे आयुष्य उणावते, या भयाने ते टाळले. ते धनी तर आता वैकुंठवासी झाले. आजींनी खुशाल विठ्ठल म्हणावे. पण बळजबरी करू नका. पन्नास वर्षांची वळलेली जीभ सुनेने सांगितले म्हणून चार दिवसांत फिरत नाही. त्यांचे तोंड मोकळे होत असेल तर विठ्ठलच ठेवा. होत नसेल तर नारायण ठेवा, आणि वडिलांकडच्यांनी रुसू नये. त्यांचा विठ्ठल विटेवर उभा आहेच.

आत्याबाईंनी कानात कुर्र करण्याआधी एकदा पोर आजींच्या मांडीवर द्या आणि त्या काय म्हणून हाक मारतात ते ऐका.