नंदनवनातलं पाणी



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

दानाचे तीन प्रकार सांगणारे हे तीन श्लोक. सात्त्विक, राजस आणि तामस. शाळेतल्या तक्त्यासारखे वाटतात ना? मलाही तसेच वाटायचे. वाचायचं, तीन रकाने डोक्यात भरायचे आणि पुढे जायचं. पण गेल्या उन्हाळ्यात नागपूरला गेलो आणि हा तक्ता माझ्या अंगावरून गेला. म्हणून आज जरा जास्त लिहितोय. चहा घेऊन बसा.

आम्ही चौघं होतो. दोन मुलं, दोन मुली. पुण्याहून रात्रीची गाडी, स्लीपरचं तिकीट. एका मित्राचा भाऊ नागपूरला इंजिनीअरिंग करतो, त्याची नंदनवनातली भाड्याची खोली सुट्टीत रिकामी होती. म्हणजे राहणं फुकट! जेवण, फिरणं, सगळं मिळून माणशी दिवसाला ३०० रुपये असं ठरलं. हिशेब माझ्याकडे. स्प्लिटवाइजवर ग्रुप केला आणि मी खजिनदार झालो. खरं सांगायचं तर मला ते पद फार आवडलं होतं. तर्री पोह्यांच्या दुसऱ्या प्लेटलासुद्धा माझी परवानगी लागायची.

मे महिना होता. नागपूरचा मे कसा असतो हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पहिल्याच दिवशी आमचे विनोद सुरू झाले. इंद्राच्या बागेचं नाव नंदनवन, आणि इथे झाडाखालीसुद्धा चटके!

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आमच्यातल्या एका मैत्रिणीचा उपास. सकाळी दीक्षाभूमीवर गेलो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह जिथे धम्मदीक्षा घेतली ती जागा. तिथल्या स्तूपात आतली शांतता इतकी छान होती की आम्ही बराच वेळ बसून राहिलो आणि निघायला दुपार झाली. बसने जगनाडे चौकात उतरलो. तिथून खोलीपर्यंत चालत जायला वीसेक मिनिटं.

मैत्रीण म्हणाली, "ऑटो करू या ना, गरगरतंय मला."

मी म्हणालो, "जवळच तर आहे. आजचं बजेट संपलंय."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

एका गल्लीत, एका घराच्या फाटकाला धरून ती खाली बसली आणि मग आडवीच झाली. आमच्या बाटल्या रिकाम्या. आम्ही तिघं नुसते तिचं नाव घेत उभे. कुणाला काही सुचेना. फाटक आतून उघडलं. एक काकू बाहेर आल्या. कोण, कुठले, इथे काय करताय, काही विचारलं नाही. "उचला तिले, आत घ्या," एवढंच म्हणाल्या.

आत कूलर चालू होता. काकूंनी ओला पंचा तिच्या मानेवर, कपाळावर ठेवला. मी घाईघाईने तांब्या तिच्या तोंडाला लावायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. "थांबा जी, आधी डोळे उघडू द्या तिले. बेशुद्धीत पाणी नसते पाजत." थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. मग घोट घोट कैरीचं पन्हं. ती पुटपुटली की उपास आहे. काकू हसल्या. "सैंधव टाकलं आहे त्याच्यात. अन् देव काही उपाशी पोट्टी मागत नाही बाप्पा. पी."

पण तिला उलटी झाली. तेव्हा आतून काका आले, स्कूटरची किल्ली हातात. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेतो म्हणाले. पुढे काका, मध्ये ती, मागे तिला धरून दुसरी मैत्रीण. आम्ही दोघांनी मागून धावत यायचं.

आणि इथे मी काय केलं असेल? स्कूटर सुरू होता होता खिशातून मोबाईल काढला आणि नंबर प्लेटचा फोटो घेतला.

काकांनी ते पाहिलं. मला वाटलं आता चिडतील. ज्या माणसाच्या घरात आम्ही दहा मिनिटांपूर्वी न विचारता शिरलो, त्याच्यावर मी संशय घेत होतो. काका थांबले आणि म्हणाले, "काढून घ्या, काढून घ्या. बरोबरच करून राहिले तुम्ही. माझी पोरगी पुण्यात राहते. तिलेही मी हेच सांगतो, अनोळखी गाडीवर बसली तं आधी नंबर पाठव म्हणून."

मंडळी, पाणी देणारे मी पाहिले आहेत. जेवू घालणारेही पाहिले आहेत. पण आपल्यावर घेतलेला संशयसुद्धा समजून घेऊन, त्याला वर आणखी शाबासकी देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

सलाईन लागलं. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली. परत काकूंच्या घरी आलो तर सगळ्यांसाठी भगर आणि शेंगदाण्याची आमटी तयार. उपास एकीचा, पण स्वयंपाक चौघांना!

आता माझ्यातला खजिनदार जागा झाला. "काका, नंबर सांगा, जीपे करतो. किती झाले सगळे मिळून?" ते म्हणाले, "दवाखान्याचे अन् औषधाचे द्या, ते माझ्या खिशातून गेले आहेत. बाकीचे काहून देता?" पावती काढून, शेवटच्या रुपयापर्यंत बघून त्यांनी तेवढेच पैसे घेतले. मी जास्तीचे टाकायला गेलो तर काकू जरा कडक झाल्या. "पाण्याचे पैसे घेत नसतात जी."

त्या रात्री खोलीवर मी ॲपमध्ये खर्च भरायला बसलो. डॉक्टर, लिहिलं. औषध, लिहिलं. मग बोट थांबलं. पन्हं, पंचा, कूलर, भगर, पूर्ण दुपार आणि तो फोटो... याची नोंद कुठे करायची? कोणाच्या नावावर?

आता श्लोकाकडे येऊ.

विसाव्या श्लोकात भगवंत म्हणतात की द्यायला हवं म्हणून जे दिलं जातं, परतफेड करू न शकणाऱ्याला जे दिलं जातं, योग्य देश, काळ आणि पात्र पाहून जे दिलं जातं, ते सात्त्विक दान. पुढच्या श्लोकात राजस. परतीच्या अपेक्षेने, फळावर डोळा ठेवून, किंवा मनातून कुरकुरत दिलेलं. ज्ञानेश्वर माउली इथे किती ओळखीचे दाखले देतात बघा. दुधावर नजर ठेवून गायीला चारा घालणं. आहेर मिळेल म्हणून सोयऱ्याला बोलावणं. सातशे वर्षांपूर्वीचं लिहिणं, पण आपल्या लग्नाच्या याद्या पाहूनच लिहिलंय असं वाटतं! आणि मग तामस. चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, आणि आदर न ठेवता, समोरच्याला हिणवून दिलेलं.

मला बरेच दिवस एक शंका होती. निघताना काका म्हणाले होते, "माझी पोरगी तिकडं एकटी आहे. तिलेही कोणी ना कोणी पाणी देत असन." मग ही अपेक्षा झाली ना? म्हणजे राजस दान?

खूप विचार केला. मला जे उमगलं ते असं. व्यवहाराला दोन नावं लागतात, देणारा आणि फेडणारा. काकांच्या मुलीला पुण्यात कधी कोणी पाणी देईल, त्याला नंदनवनातले काका माहीत नसतील. आणि काकांनाही तो कधी कळणार नाही. ज्याची वसुली करताच येत नाही, त्याला कर्ज कसं म्हणायचं? ती श्रद्धा आहे. आणि गंमत म्हणजे या सतराव्या अध्यायाचं नावच श्रद्धात्रयविभागयोग आहे. दानाची चर्चा भगवंत श्रद्धेच्या पोटात करतात. जगावर तुमचा जसा विश्वास, तसं तुमचं देणं. माझा विश्वास स्प्लिटवाइजवर होता, म्हणून माझं देणं साठ रुपयांच्या ऑटोपाशी अडलं.

आणखी एक विचार. आपल्याकडे स्वर्गाला भोगभूमी आणि पृथ्वीला कर्मभूमी म्हणतात. इंद्राच्या नंदनवनात कुणाला तहान लागत नाही. म्हणून तिथे कुणाला पाणीही देता येत नाही! पुण्य खर्च करायची ती जागा, कमवायची नाही. ४५ डिग्रीच्या नागपूरच्या नंदनवनात मात्र प्रत्येक फाटकापाशी संधी उभी असते. आम्ही त्या नावाची चेष्टा करत होतो. खरं तर देवांनीच या नंदनवनाचा हेवा करावा.

आणि शेवटचं. निघायच्या दिवशी काका आम्हाला चौकापर्यंत सोडायला आले. मी सहज विचारलं, "जगनाडे म्हणजे कोण हो?" काका थांबलेच. "तुम्ही पुण्याचे, अन् तुम्हाले जगनाडे महाराज माहीत नाहीत? चाकणचे तुमच्या!"

मी रोज सकाळी फोनवर तुकोबांचे अभंग वाचतो. त्यावर इथे तुम्हाला मोठमोठ्या गोष्टी सांगतो. आणि ते अभंग लिहून ठेवणारे संताजी महाराज जगनाडे मला माहीत नव्हते. तेलाच्या घाण्याचा व्यवसाय करणारे, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. कीर्तनात उभे राहायचे आणि ऐकलेलं वहीत उतरवायचे. सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. त्यांनी ते कोणासाठी लिहिलं? मला तर ते ओळखत नव्हते. साडेतीनशे वर्षांनंतर बसमध्ये लटकत, मोबाईलवर अभंग वाचणारा एक पोरगा त्यांना काय परत देणार होता? काहीच नाही. विसाव्या श्लोकातला तो परतफेड करू न शकणारा माणूस म्हणजे मीच की!

म्हणजे काकूंच्या फाटकापाशी पोहोचायच्या कितीतरी आधीपासून मी अनोळखी लोकांचं घेतच होतो. फक्त त्याचा हिशेब ठेवला नव्हता.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण खोटी झाली असती. परत आल्यावर महिनाभराने आमच्या सोसायटीच्या गेटवर एक बाप-लेक उभे होते. मुलाची कसलीतरी परीक्षा होती, केंद्र जवळच, आणि ते पहाटेच गावाहून आलेले. वडिलांनी मला विचारलं, "दादा, जरा हातपाय धुवायला जागा मिळेल का?" मला ऑफिसला उशीर होत होता. मी त्यांना वर नेलं, बाथरूम दाखवलं, पाणी दिलं. पण सगळा वेळ घड्याळाकडे बघत होतो. कपाळावर आठी होती. ते गृहस्थ ओल्या हातांनीच, टॉवेल न मागता, "माफ करा" म्हणून निघून गेले.

देश बरोबर होता. काळ बरोबर. पात्रही बरोबर. पाणीही तेच. तरी ते दान एकविसाव्या श्लोकातून घसरून बाविसाव्यात गेलं. कुरकुर होती, आणि आदर नव्हता. काकूंनी पंचा दिला होता आणि मी टॉवेलही विचारला नाही.

म्हणून सांगतो, हे तीन रकाने माणसांचे नाहीत. एकाच माणसाच्या एकाच दिवसात तिन्ही सापडतात.

आजचा संकल्प: आज कोणी अनोळखी माणूस काही विचारेल. पत्ता, पाणी, चार्जर, लिफ्टमध्ये जागा, काहीही. ते देऊच. पण देताना घड्याळाकडे आणि मोबाईलकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघून देऊ. आणि आज कोणी आपल्याला काही दिलं, तर लगेच "किती झाले?" असं न विचारता शांतपणे घेऊन बघू. घेणंही शिकावं लागतं, हे मला नंदनवनात कळलं.

प्रार्थना: हे पांडुरंगा, ज्यांचं मी फेडू शकत नाही त्यांना सुखात ठेव. त्यांच्या मुलांना परक्या शहरात उन्हात पाणी मिळू दे. आणि ते पाणी देणारा हात कधीतरी माझाही असू दे, आठी न घालता.

तो नंबर प्लेटचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. काढून टाकलेला नाही.

उद्या भेटू. राम कृष्ण हरी!